टेबलावरची गिरकी

विमान 'स्टॉल' झाले म्हणजे त्याचे इंजिन बंद पडले, असा पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांचा समज असतो. चढावर मोटार बंद पडते, तसे. आमच्या मेव्हण्यांनी परवा हेच विधान चहाच्या कपाबरोबर अगदी आत्मविश्वासाने केले. वास्तविक इंजिनाचा आणि स्टॉलचा काही संबंध नाही. ग्लायडरला इंजिनच नसते, पण तेही स्टॉल होते. गोष्ट आहे ती पंखाची. समोरून येणाऱ्या हवेशी पंख जरासा तिरपा धरला की हवा त्याच्या पाठीवरून सुरळीत वाहते आणि पंख वर उचलला जातो. तिरपेपणा वाढवावा तशी ही उचल वाढते. पण ती साधारणपणे पंधरा-सोळा अंशांपर्यंतच. त्यापुढे हवा पंखाची पाठ सोडते, भोवरे करीत भलतीकडे जाते, आणि आतापर्यंत इमानाने ओझे वाहणारा पंख एकाएकी अंग काढून घेतो. चालत्या बसच्या खिडकीबाहेर तळहात काढून हा प्रयोग आपण सर्वांनी लहानपणी कंडक्टरची बोलणी खाऊन केलेला आहे. हात थोडा तिरपा केला तर वर जातो. फार उभा केला तर नुसता मागे ढकलला जातो.

आता समजा, दोन पंखांपैकी एकाने दुसऱ्याच्या आधी अंग काढले. विमान त्या बाजूला कलंडते. कलंडणारा पंख आणखी वाईट कोनात जातो, त्याची ओढ वाढते, दुसरा त्याच्याभोवती फिरू लागतो, आणि विमान नाक खाली घालून गोल गोल फिरत उतरू लागते. हीच 'स्पिन'. मी तिला गिरकी म्हणणार आहे. गंमत अशी, की एकदा सुरू झालेली गिरकी स्वतःच स्वतःला पोसते. आणि माणसाचा स्वभाव असा, की समोर जमीन दिसली की तो दांडा पोटाशी ओढतो. म्हणजे पंख अधिकच तिरपा करतो आणि गिरकीला खतपाणी घालतो. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडात सॅलिसबरीच्या माळावर विल्फ्रेड पार्क नावाच्या नौदलातील लेफ्टनंटाने हे सगळे करून पाहिले. काहीच चालेना, तेव्हा अगदी शेवटी त्याने फिरण्याच्या उलट दिशेला सुकाणू दाबले, आणि जमीन जेमतेम पन्नास फुटांवर असताना विमान सरळ झाले. खाली उतरल्यावर आपण काय काय केले ते त्याने नीट सांगितले, हा त्याचा मोठेपणा. त्यापूर्वी अशा गिरकीत सापडलेले वैमानिक सहसा सांगायला उरत नसत.

हे पुराण आज लावण्याचे कारण म्हणजे आमची भाची. वय वर्षे एकोणीस. येत्या मार्गशीर्षात ती विमान शिकायला जाणार आहे. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर पुस्तके कमी आणि विमानच जास्त आहे: मोठा पडदा, हातात जॉयस्टिक, पायाखाली सुकाणूचे पेडल. "मामा, आज तीस स्पिन काढल्या," असे ती मला इतक्या सहजपणे सांगते, की जणू तीस पोळ्या लाटल्या. मी तरुणपणी दोन आसनांची विमाने थोडीबहुत उडवली असल्यामुळे घरात मला या विषयातला अधिकारी पुरुष समजतात. तेव्हा ताईने मला बाजूला घेऊन विचारले, "हे सगळं टेबलावर येत असेल तर शाळेची एवढी फी कशाला भरायची? आणि येत नसेल तर हिला उगाच वाटतंय ना येतं म्हणून?"

दुसरा प्रश्न फीपेक्षा मोठा होता. म्हणून मी दोन रविवार त्या टेबलाशी घालवले.

स्टॉलपर्यंतचा भाग चांगला वठतो, हे मी आधीच सांगून टाकतो. सेसना १७२ हे साधे, गरीब स्वभावाचे विमान. पंखांचे फ्लॅप वर असताना ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास ते मान टाकते. पडद्यावरही तिथेच टाकते. इशाऱ्याचा भोंगा वेळेवर रडतो, नाक खाली जाते. पण गिरकीची वेळ आली की खरी मजा सुरू होते. भाचीकडे निरनिराळ्या तीन प्रोग्रॅममध्ये हेच विमान आहे. पहिल्यातले काही केल्या गिरकी घेईचना. नाक पाडून नुसते डुलत राहिले. दुसऱ्यातले भोवऱ्यासारखे फिरले, पण हात सोडताच इतके सभ्यपणे थांबले, की मला त्याचे आभार मानावेसे वाटले. तिसऱ्यातले बरेचसे ओळखीचे वाटले. विमान एक आणि स्वभाव तीन!

याचे कारण हिशेबात आहे. एक पद्धत पंचांगाची. अमुक कोनाला उचल किती, ओढ किती, याची मोजमापे आधी कोष्टकात भरून ठेवायची. संगणक क्षणाक्षणाला पंचांग पाहतो आणि विमान तसे हलवतो. कोष्टक आहे तोवर सगळे ठीक. पण स्टॉलच्या पलीकडची पाने बहुधा कोरी असतात, आणि कोऱ्या पानावर प्रोग्रॅम लिहिणारा आपल्या अंदाजाने आकडे मांडतो. दुसरी पद्धत पंख कापून पाहण्याची. पंखाच्या लहान लहान पट्ट्या कल्पून प्रत्येक पट्टीला हवा कोणत्या कोनाने भेटते हे वेगवेगळे काढायचे. 'एक्स-प्लेन' हा प्रोग्रॅम १९९० नंतरच्या दशकापासून याच वाटेने चालला आहे. यात गिरकी आपोआप उगवते; कारण फिरताना एका बाजूच्या पट्ट्यांना हवा एका कोनाने लागते आणि दुसऱ्या बाजूच्यांना दुसऱ्या. ही पद्धत मला मनापासून आवडली. पण पंखाची पाठ सोडून गेलेली हवा पुढे काय करील हे कोणत्याच पट्टीला ठाऊक नसते. ती पिसाटलेली हवा शेपटीवर आदळते. सुकाणू तिच्या सावलीत सापडले, की पाय कितीही दाबा, उपयोग थोडा. विमान गिरकीतून निघणार की नाही हे पुष्कळदा ही सावली ठरवते. मागच्या बाजूला चार सामानाच्या बॅगा जास्त ठेवल्या तरी तेच विमान निराळे वागते, आणि तोल फार मागे गेला तर गिरकी आडवी, चपटी होऊन बसते.

अमेरिकेत लँगली येथे १९४१ सालापासून एक उभा बोगदा आहे. आतून वीस फूट रुंद. त्यात खालून वर वारा सोडतात. कडेला उभा असलेला मनुष्य विमानाची छोटी प्रतिकृती हातात घेतो आणि भोवरा टाकावा तशी फिरवून वाऱ्यात फेकतो. वारा आणि वजन यांचा मेळ बसला की ती अधांतरी गिरक्या घेत राहते; प्रयोग संपला की जाळीत पडते. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या संस्थेच्या घरात हे काम हाताने फेकून चालावे, हे मला फार मनोरम वाटते. गिरकीचा हिशेब कागदावर नीट सुटत असता तर हा भोवऱ्याचा खेळ त्यांनी कधीच मोडीत काढला असता.

तुम्ही म्हणाल, ही झाली घरातल्या खेळण्याची कथा. विमान कंपन्यांची ती सहा पायांवर डोलणारी कोट्यवधींची यंत्रे अशी नसतील. पण २००९ साली दोन अपघात झाले. फेब्रुवारीत अमेरिकेतील बफेलो शहराजवळ एक विमान उतरता उतरता स्टॉल झाले. दांडा आपणहून पुढे ढकलणारे यंत्र त्यात होते, पण कप्तान त्याच्याविरुद्ध मागे ओढत राहिला. जमिनीवरील एकासह पन्नास माणसे गेली. पुढे १ जूनला एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिक समुद्रात पडले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या, गोंधळ उडाला आणि अडतीस हजार फुटांवरून ते विमान नाक वर करून, संपूर्ण स्टॉलमध्ये, सुमारे साडेतीन मिनिटे खाली येत राहिले. दोनशे अठ्ठावीस माणसे. त्यातली एक गोष्ट वाचून माझ्या अंगावर काटा आला. वेग अतिशय कमी झाला की यंत्र आपली मोजमापे खोटी समजून स्टॉलचा इशारा बंद करी. नाक खाली घेतले, म्हणजे योग्य तेच केले, की इशारा पुन्हा सुरू होई. उंचावर विमान हाताने सांभाळण्याचे शिक्षण त्या वैमानिकांना मिळाले नव्हते, असे फ्रान्सच्या चौकशी मंडळाने २०१२ सालच्या अहवालात म्हटले आहे.

तोवर सिम्युलेटरमध्ये स्टॉलच्या उंबरठ्यापर्यंत न्यायचे आणि तिथूनच परत आणायचे, असा रिवाज होता. उंबरठ्यापलीकडच्या खोलीत आकडेच नव्हते. २०१३ साली अमेरिकन सरकारने नियम केला, की २०१९ पासून विमान कंपन्यांनी सिम्युलेटरमध्ये पुरता स्टॉल शिकवलाच पाहिजे. त्यासाठी यंत्रांचे गणित सुधारावे लागले. आकडे अपुरे पडतील तिथे, अशा स्टॉलचा अनुभव असलेला वैमानिक बसवून 'असेच वाटते का?' असे त्याला विचारण्याची सोय आहे. आमटीत मीठ पुरेसे आहे का, हे अखेर जिभेलाच विचारायचे! आणि गिरकी? ती मोठ्या प्रवासी विमानांना कुणी मुद्दाम घ्यायला लावतच नाही. मग तिचे खरे आकडे येणार कुठून?

राहता राहिले शरीर. १९७९ साली क्लबातल्या माझ्या शिक्षकांनी मला चार हजार फुटांवर नेऊन पहिली गिरकी दाखवली. दांडा पुढे गेला आणि विमानाच्या तळाशी साठलेली धूळ उठून तोंडासमोर आली. तिच्यात आधीच्या कुणा उमेदवाराने खाल्लेल्या शेंगदाण्याचे एक फोलपट होते, ते मला अजून दिसते. तीन फेऱ्यांनंतर विमान थांबले आणि मला वाटले, आता आपण उलट फिरतो आहोत. कानाच्या आत जो द्रव असतो तो फिरण्याला सरावतो आणि थांबल्यावर उलट साक्ष देतो. ही खोटी साक्ष खरी मानून वैमानिकाने पाय दाबला, तर नुकतीच थांबलेली गिरकी पुन्हा सुरू होते. टेबलाशी बसलेल्याचा कान काहीच बोलत नाही. सहा पायांचे यंत्रही फार फार तर धक्का देते आणि हळूच जागेवर येते. ते गरगर फिरवू शकत नाही. त्यापेक्षा एडविन लिंकने १९२९ साली बनवलेली पेटी बरी म्हणायची! लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. त्याने ऑर्गनचे भाते एका खोट्या विमानाखाली बसवले आणि ते कलंडेल, डुलेल अशी व्यवस्था केली. आपल्या बाजाच्या पेटीच्या या चुलतबहिणीत बसलेला उमेदवार खरोखर गोल फिरत असे.

पण हे सगळे पाहून झाल्यावर दुसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलेली गोष्ट निराळीच होती. या विषयात रस घेणारी सगळी मंडळी गिरकी खरी दिसते की खोटी यावर भांडतात. प्रत्यक्षात मात्र जीवघेण्या गिरक्या बहुतेक खाली, उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर किंवा उडाल्याबरोबर सुरू होतात. सेसनाच्या पुस्तकाप्रमाणे एका फेरीची गिरकी सुरू होऊन विमान सावरेपर्यंत सुमारे हजार फूट जातात. तेवढी उंची त्या वळणावर शिल्लकच नसते. तिथे गिरकीतून बाहेर काढण्याची विद्या कामाची नाही; ती येते आहे हे आधीचे दहा-पंधरा सेकंद ओळखणे कामाचे. आणि ते हाताला कळते. वेग कमी होतो तसा दांडा सैल पडतो, पातळ पिठात उलथने फिरवावे तसा. वाऱ्याचा आवाज बसतो. बैठक थरथरते. पडद्यावर नव्वदला आणि दीडशेला जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र सारख्याच जोराने ओढते. तीस गिरक्या काढल्या म्हणजे तीस वेळा हा सैलपणा न शिकता ती पुढे गेली.

मी भाचीला हे सांगितले. हाता-पायांचा क्रम तिला चोख येतो, हेही सांगितले: इंजिन मंद, दांडा मध्यावर, उलट सुकाणू पूर्ण, मग दांडा पुढे, आणि फिरणे थांबेपर्यंत दम धरायचा. एवढे आलेली मुलगी शाळेत इतरांपेक्षा दोन पावले पुढेच असेल. शिक्षकांना मात्र पहिल्या दिवशी तिने गिरकी मागू नये. अगदी हळू उडायला मागावे, भोंगा रडत ठेवून डावी-उजवी वळणे घ्यायला मागावीत, आणि त्या वेळी घड्याळांकडे न पाहता हात काय म्हणतो ते ऐकावे.

तिने ऐकून घेतले. वाद घातला नाही, त्यावरूनच मला शंका यायला हवी होती, असे ताई आता म्हणते. कारण संध्याकाळी जाऊन पाहतो तो टेबलावर स्क्रू पसरलेले, आणि भाची चिमट्याने जॉयस्टिकच्या पोटातली स्प्रिंग ओढून काढते आहे.

"आता सैल झाली, मामा," ती म्हणाली.

"पण आता सगळ्याच वेगांना सैल राहील ती," मी म्हटले.

ती स्प्रिंग बोटांत धरून थोडा वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, "वेगाप्रमाणे ताण देणारी मिळते, पण महाग असते."

"किती?" ताईने स्वयंपाकघरातून विचारले.