जहाजावरचे सात दिवस

निकाहनंतर दोघांनी कुठे जायचे, हे आता आपल्या घरांतही मोकळेपणाने बोलले जाते. अमेरिका-कॅनडात नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींचा ओढा अलीकडे कॅरिबियनच्या क्रूझकडे दिसतो. आमच्या नात्यातल्या तीन नव्या जोडप्यांनी गेल्या काही महिन्यांत फोन करून आम्हाला तेच विचारले : खर्च किती, व्हिसाचे काय, आणि नमाज पढणाऱ्या, हलाल-हराम पाहणाऱ्या माणसाला तिथे जमते का? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढावे, म्हणून हा लेख. आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, राहायला न्यू जर्सीत.

आमच्या निकाहला चौदा महिने झाल्यावर आम्ही ही सफर केली. कारण साधे, पैसे नव्हते. हप्त्याने तिकीट मिळत होते, पण हनिमूनसाठी व्याज भरायचे नाही हे दोघांनी पहिल्याच महिन्यात ठरवले होते. दर पगाराला थोडे बाजूला टाकत गेलो. उशीर झाल्याचे वाईट वाटले नाही, उलट तोवर एकमेकांच्या आवडीनिवडी कळल्या होत्या. निकाहआधी आमची भेट झाली होती ती चार वेळा, तीही सगळ्या घरासमोर. अशा दोन माणसांनी लगेच जहाजाची खोली निवडायला बसणे अवघडच.

खरा प्रश्न पैशांपेक्षा घरचा होता. आमच्या घरचे अब्बा अठ्ठावीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये होते. कोकणातल्या आपल्या किती घरांत असे अब्बा आहेत, हे सांगायला नको. निकाहनंतर बावीस दिवसांनी ते मुंबईहून जहाजावर चढले आणि दहा महिन्यांनी परतले. पहिले मूल झाले तेव्हा ते कुठल्या बंदरात होते, हे अम्मीला पत्र आल्यावर कळले. अम्मीसाठी समुद्र म्हणजे नवऱ्याला घेऊन जाणारी गोष्ट. आम्ही फोनवर क्रूझचे सांगितले तेव्हा अब्बा हसले, ‘पैसे देऊन जहाजावर कोण जातं? आम्हाला तर पैसे देऊन नेत.’ अम्मी मात्र गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘दोघं एकाच जहाजावर ना? मग जा.’

मोठ्या भावाची शंका वेगळी होती. जहाजावर दारू, कसिनो, नाचगाणे, तिथे आपण कशाला? शंका रास्त आहे. बऱ्याच जहाजांवर जेवणघराकडे जाणारी वाटच कसिनोच्या कडेने जाते. आमचे मत असे की, ज्याला हे रोज खुपणार आहे त्याने जाऊ नये. त्या पैशांत डोंगरातले एखादे घर आठवडाभर भाड्याने मिळेल आणि मन शांत राहील. पण जहाज मोठे असते. पहाटेच्या फज्रनंतर वरचा डेक जवळजवळ मोकळा असतो, आणि रात्री तिथून दिसणारे तारे बघायला कोणी येत नाही. आमच्या संध्याकाळी तिथेच गेल्या.

आता कामाचे. कॅरिबियनचे ढोबळमानाने तीन मार्ग. पश्चिमेकडचा : मेक्सिकोचे कोझुमेल, जमैका, केमन बेटे. पूर्वेकडचा : बहामा, सेंट थॉमस, सेंट मार्टिन. आणि दक्षिणेकडचा : सेंट लुसिया, बार्बाडोस वगैरे. पहिले दोन बहुधा फ्लोरिडातून सुटतात आणि त्यांत दोन-तीन दिवस नुसता समुद्र असतो. आम्ही पोर्टो रिकोतल्या सान हुआनहून सुटणारा दक्षिणेचा मार्ग घेतला. बेटे जवळजवळ असल्याने जवळपास रोज नवे बंदर. कोणता चांगला, याला उत्तर नाही. दोघांना निवांतपणा हवा असेल तर समुद्राचे दिवस जास्त असलेला मार्ग घ्या. एकाला फिरायचे आणि दुसऱ्याला झोपायचे असेल, तर तेही तिकीट काढण्याआधीच बोलून टाका.

ऋतू नीट पाहा. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा काळ. ऑगस्ट ते ऑक्टोबर जोर जास्त. त्या काळात तिकिटे स्वस्त असतात ती उगाच नव्हे. जहाज वादळाला वळसा घालून जाते, त्यामुळे जिवाला धोका कमी, पण ज्या बेटासाठी निघालात तेच वगळले जाऊ शकते. आपल्याकडेही १ जूनला होड्या वर ओढतात, तेव्हा हे कोकणी माणसाला समजवायला नको. शिवाय रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो; सध्या तो हिवाळ्याच्या सफरींच्या हंगामात येतो. तारीख ठरवताना इस्लामी कॅलेंडर शेजारी ठेवा.

व्हिसाबाबत भारतीय पासपोर्टवाल्यांनी फार काटेकोर राहावे. एका आठवड्यात तुम्ही चार-पाच सरकारांच्या हद्दीत जाता. पोर्टो रिको आणि सेंट थॉमस अमेरिकेचे, मार्टिनिक फ्रान्सचे, सेंट मार्टिन अर्धे फ्रान्सचे आणि अर्धे नेदरलँड्सचे, बार्बाडोस स्वतंत्र देश. परतताना अमेरिकेत पुन्हा प्रवेश करायचा असतो, म्हणून व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आणि परतीच्या तारखेला चालू असलेला हवा. नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी नुसत्या मंजुरीच्या कागदावर विसंबू नये, पासपोर्टवरचा शिक्का पाहावा. मार्गातल्या प्रत्येक बेटाचा नियम कंपनीकडून लेखी घ्या. एका बेटाचा व्हिसा नसला, तरी पहिल्याच बंदरावर थांबवू शकतात. आणि जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच पोहोचा. जानेवारीत न्यू जर्सीत बर्फ पडून विमाने रद्द होतात; जहाज कोणासाठी थांबत नाही. आम्हाला त्या जादा दिवसात जुने सान हुआन पायी फिरता आले. निळसर दगडांचे रस्ते, आणि समुद्राच्या तोंडावर १५३९ मध्ये बांधायला घेतलेला एल मोरो किल्ला. रत्नदुर्गावर मोठे झालेल्यांना तिथे परके वाटत नाही.

खोलीबद्दल अब्बांचा सल्ला सोन्यासारखा ठरला : ‘मधली घ्या आणि खालच्या मजल्यावरची. जहाज टोकांना जास्त उचलतं.’ वरच्या मजल्याच्या खोल्या महाग असतात म्हणून चांगल्या, असा समज करून घेऊ नका. बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त, पण बाल्कनीसाठी आम्ही जादा पैसे मोजले आणि त्यांचा एक डॉलरही वाया गेला असे वाटत नाही. आमच्यापैकी एकजण हिजाब वापरते. पोहण्याच्या तलावाकडे तिचे मन रमेना. बाल्कनीत मात्र बंदर मागे पडल्यावर, दोन्ही बाजूंना पडदी असलेल्या त्या चार फूट जागेत, तिने केस मोकळे सोडून चहा घेतला. तिथे बसून आम्ही जेवढे बोललो, तेवढे त्या चौदा महिन्यांत बोललो नव्हतो. अब्बांच्या खोलीला कधी खिडकी नव्हती, हेही तिथेच पहिल्यांदा लक्षात आले. मळमळीसाठी डॉक्टरांना विचारून गोळ्या आधीच घ्याव्यात, सुरू झाल्यावर नव्हे. आम्ही आलेपाकही नेला होता. आमच्यासारखे उशिरा निघणाऱ्यांसाठी आणखी एक : गर्भाचे चोवीस आठवडे झाले की बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत.

तिकिटाचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. नोकरवर्गाची टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, म्हणजे दोघांचे आठवड्याचे सव्वादोनशे ते दोनशे ऐंशी. इंटरनेट वेगळे, विमान वेगळे, बेटांवरच्या सहली वेगळ्या. दारूचे पॅकेज जोडलेले ‘फुकट’ भाडे घेऊ नका. त्यात तुम्ही न पिणाऱ्या वस्तूचे पैसे भरता. पाणी, चहा, कॉफी जेवणघरात मिळतेच. खर्चासाठी डेबिट कार्ड दिले तर खात्यात काही रक्कम अडकून राहते. रोख अनामत ठेवता येते का ते विचारा.

हलाल जेवणाचे तिकीट काढतानाच लेखी कळवावे आणि चढल्यावर मुख्य वेटरला पुन्हा सांगावे. मांस मिळेलच असे धरू नका. सॉसमध्ये वाइन आणि गोड पदार्थांत जिलेटिन आहे का, हे न लाजता विचारा. त्यांना या प्रश्नांची सवय असते. मासे भरपूर. आम्ही कोकणी शाफई, त्यामुळे लॉबस्टरच्या रात्री आमची चंगळ झाली. हनफी मंडळींनी त्या रात्री दुसरा मासा मागवावा.

नमाजचे जमते. प्रवासात कसर आहेच, आणि शाफईंना दोन वेळा जमा करण्याची सवलतही आहे. बाकीच्यांनी आपल्या आलिमांना विचारून निघावे. अडचण किबल्याची येते. जहाज पोलादाचे, त्यामुळे फोनमधला होकायंत्राचा काटा खोलीत भलतीकडे फिरतो, आणि जहाज स्वतःही दिशा बदलत असते. खोलीतल्या टीव्हीवर जहाजाचा नकाशा आणि दिशा दाखवणारे चॅनेल असले, तर त्यावरून अंदाज घ्यावा. त्या बेटांवरून मक्का पूर्वेला, थोडी उत्तरेकडे झुकून येते. गावी आयुष्यभर पश्चिमेला तोंड करून उभे राहिलेले आम्ही फज्रला उजाडत्या आभाळाकडे तोंड करून उभे राहिलो.

बंदरांपैकी सेंट लुसियात होडीने पिटॉन्सचे दोन सुळके पाहून या. रस्ता आंबा घाटासारखा वळणांचा आहे. पण आमचे मन रमले ते बार्बाडोसमध्ये. ब्रिजटाउनला आम्ही शुक्रवारी पोहोचलो. बंदरापासून शहराकडे चालत निघाले की थोड्या अंतरावर केन्सिंग्टन ओव्हल. १९९७ साली १२० धावा करायच्या असताना भारत इथेच ८१ वर आटोपला होता, आणि २९ जून २०२४ ला याच मैदानावर आपण टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकलो. जवळच केन्सिंग्टन न्यू रोडवर जामा मशीद आहे. मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, तरी आम्ही गेलो. बायकांच्या जागेची चौकशी आधी फोनवर करून ठेवावी, तशी आम्ही केली होती. बार्बाडोसमधली बरीच मुस्लिम घरे मूळची सुरतेकडची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेली ही माणसे कापडाची गाठोडी घेऊन दारोदार फिरत आणि उधारीवर माल देत. नमाजनंतर एका वयस्क गृहस्थांनी आमची चौकशी केली. रत्नागिरी त्यांना ठाऊक नव्हती, मुंबई मात्र ठाऊक होती, कारण त्यांचे आजोबा तिथून निघाले होते. मग त्यांनी आम्हाला रोटीच्या दुकानात नेले. तिकडे रोटी म्हणजे बटाटा आणि मटणाची आमटी गुंडाळलेली मोठी पोळी. पैसे काही देऊ दिले नाहीत.

बेटावर स्वतःच्या हिमतीवर फिरताना घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा आणि एक तास हाताशी राखा. जहाज थांबते ते फक्त कंपनीच्या सहलीतल्या लोकांसाठी. आणि लष्करी छपाईचे कपडे नेऊ नका. बार्बाडोससह अनेक बेटांवर ते साध्या माणसाने घालणे हा गुन्हा आहे, लहान मुलांनीही.

आमची खोली आवरणारा तरुण वेंगुर्ल्याचा निघाला. तिसऱ्या दिवशी मराठी ऐकून तोच बोलला. लग्नाला चार महिने झालेले, बायको गावी, सुट्टी मे महिन्यात. ठरलेली टिप सगळ्यांत वाटली जाते, म्हणून शेवटच्या रात्री पाकिटात वेगळे पैसे घालून हातात द्यावेत, तसे आम्ही दिले. त्याने बायकोचा फोटो दाखवला. जहाजावरच्या नेटचे पैसे वाचवायला तो बंदर आले की तिला फोन करत असे, म्हणून आम्ही सेंट थॉमसला त्याला अडवून ठेवले नाही. टॉवेल उद्या बदलले तरी चालतात.

मोठ्या बॅगा त्याच रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात. पासपोर्ट, औषधे आणि सकाळचे कपडे मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. परतीचे विमान दुपारनंतरचेच घ्या.