शिशाच्या गावातले वाचनालय

ग्लासगोच्या पाहुण्यांनी आम्हाला किल्ला दाखवायचा बेत केला होता. आम्ही म्हटले, किल्ले राजांचे; आम्हाला लेडहिल्सला न्या. स्कॉटलंडच्या खाणकामगारांनी स्वतः काढलेले वाचनालय तिथे आहे.

ॲबिंग्टनपाशी मोठा रस्ता सोडला की चढ लागतो. दोन्ही अंगांना उघडेबोडके डोंगर. गाव सुमारे चारशे मीटर उंचीवर. जून महिन्यातही आम्ही स्वेटर काढला नाही. लेड म्हणजे शिसे. त्यासाठीच माणसे इथे येऊन राहिली. रस्त्यालगतच ते बैठे वाचनालय, दार उघडे होते.

१७४१ साली तेवीस जणांनी ते सुरू केले. एक पाद्री आणि एक शाळामास्तर सोडले तर बाकीचे एकवीस खाणीत राबणारे! चाळीत जयंतीची वर्गणी काढतो तशी त्यांनी वर्गणी काढली. त्या पैशातून पुस्तके घ्यायची आणि सभासदांनी ती आळीपाळीने घरी न्यायची. एकट्याच्या मजुरीत पुस्तक कुठून परवडणार? पण सगळ्यांचे मिळून कपाट भरले.

तरी खाणीत खपून आलेला माणूस वाचणार कधी, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. आमचे वडील गिरणीतून आले की वर्तमानपत्र उघडीत आणि दुसऱ्या ओळीलाच त्यांचा डोळा लागे. आम्ही त्यांना हसत होतो. लेडहिल्सच्या खाणींवर १७३०च्या दशकात जेम्स स्टर्लिंग हा गणिती व्यवस्थापक म्हणून आला. त्याच्या कारभारात खाणीतली पाळी सहा तासांची होती. कामगाराला घर बांधायला आणि भाजीपाला पिकवायला जागाही मिळे. सहा तास! वडिलांना उरलेला वेळ मिळाला असता तर त्यांनी काय काय वाचले असते?

वाचनालयात खाणीच्या जुन्या ‘बार्गेन’ वह्याही आहेत. टोळीने अमुक जागा अमुक दराने खणायची, असा करार त्यांत लिहिला जाई. मजुरीचा हिशेब आणि वाचनाची कपाटे एकाच छपराखाली पाहून आम्ही बराच वेळ तिथेच उभे राहिलो.

१८०३ साली कवी वर्ड्सवर्थची बहीण डोरोथी भावाबरोबर या डोंगरातून गेली. शाळेत लॅटिन शिकणारी इथली मुले तिला वाटेत भेटली, ते तिने लिहून ठेवले आहे.

शेजारच्या वॉनलॉकहेड गावच्या कामगारांनी १७५६ साली आपले वाचनालय काढले. तिथे पहिली स्त्री सभासद झाली ती १७८४ साली, इसाबेला रदरफोर्ड. म्हणजे अठ्ठावीस वर्षे बायकांना दार बंद! आमच्या घरच्या आयुष्मतींना हे मुळीच पटले नाही. “नवऱ्याने आणलेले पुस्तक ती चुलीपाशी वाचतच असणार, फक्त नाव त्याचे,” त्या म्हणाल्या.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. पाहुणे म्हणाले, किल्ला अजून उघडा असेल.

आयुष्मती म्हणाल्या, “आधी वॉनलॉकहेड.”