मडगार्ड राहू दे!

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! बाबांची बुलेट हॉस्टेलवर आणल्यापासून सगळ्यांचा एकच धोशा, "मागचं मडगार्ड काप, बॉबर कर." आयडिया सॉलिड. १९४० च्या दशकात अमेरिकेतली पोरं वजन घटवायला मडगार्ड छाटायची, त्यातूनच बॉबर आली.

मीही टेप घेऊन बसलो, खडूने खूण केली. पण त्याच पत्र्यावर टेललॅम्प, नंबरप्लेट, आतून वायरिंग. चिखल अडवतो तोही तोच. शिवाय साडीगार्ड काढावा लागणार. मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात, मागचं निदान अर्धं चाक झाकलेलं हवं, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून.

आमच्याकडे मागे आई बसते. साडीत, एका बाजूला पाय सोडून, बिनधास्त. खडूची खूण पुसली. बॉबर बघायचीच असेल, तर रूमवर पोस्टर आहे!