कार्बोनेटवाले मामा

रसायनशास्त्र मला कुणी शिकवलं असं कुणी विचारलं, तर वर्गातल्या आणि विद्यापीठातल्या सगळ्या गुरुजनांना नमस्कार करून मी पलूसच्या आमच्या शाळेतल्या मामांकडे बोट दाखवते. ते प्रयोगशाळेत परिचर होते. परीक्षानळ्या विसळायच्या, द्रावणं करून ठेवायची, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या. त्यांचे वडील शेजारच्या किर्लोस्करवाडीत फौंड्रीत होते. वस्तू हातात घेऊन नीट बघायची सवय त्या घरातूनच आली असावी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा सुटली की मामा बेदाण्याच्या शेडवर द्रावण कालवायला जायचे. आमच्याही शेडवर यायचे. शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी सोडत नाही. या द्रावणात घड दोन-चार मिनिटं बुडवला की त्या मेणातून पाण्याला वाट मिळते. एरवी महिना खाणारा माल मग पंधरवड्यात सुकतो.

एका हंगामात आमच्या घरच्या आबांनी सुट्टं कार्बोनेट स्वस्तात आणलं. मामांनी त्यातली चिमूटभर पूड एका कागदावर ठेवली, शेजारी शाळेतल्या बाटलीतलं पोटॅशियम कार्बोनेट ठेवलं आणि तिसऱ्या कागदावर धुण्याचा सोडा. “रातभर असू दे. सकाळी कागद बघू, मग पोतं फोडू,” म्हणाले. सकाळी शाळेच्या पुडीखालचा कागद ओलाचिंब होता. सोडा कोरडा होता. आणि पोत्यातली पूडही जवळजवळ कोरडीच. पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतं, सोडा घेत नाही. आबांनी मुकाट्यानं पोतं परत केलं. त्या वर्षीचा माल वाचला, आणि पुस्तकातला ‘आर्द्रताशोषक’ हा कोरडा शब्द मला कायमचा कळला.

क्षार हाती आला की मामा त्याचे आईबाप विचारायचे. कुठल्या आम्लाचा, कुठल्या आम्लारीचा? कार्बोनेटचा बाप कार्बोनिक आम्ल, अगदी दुबळं. आई पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जबरदस्त. म्हणून लेकरू आईच्या वळणाचं. फेनॉल्फथॅलिनचा एक थेंब टाकला की डिपिंगचं पाणी गुलाबी. आमच्या नदीकाठच्या रानात उसाला पाणी पाजून पाजून जमीन चोपण झाली होती. तिथली माती मामांनी पाण्यात ढवळली, निवळ वेगळी काढली आणि त्यातही थेंब टाकला. तोच गुलाबी रंग! सोडियमनं माती धरली होती. जिप्सम का टाकायचं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला कसं हुसकावतं आणि मग चर काढून ते पाण्याबरोबर बाहेर का घालवावं लागतं, हे त्यांनी बांधावर बसून आबांना समजावलं. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. दहावीचा आयन-विनिमय मी तिथंच शिकले.

बोर्डो मिश्रणाचं तर विचारूच नका. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत, आणि मिश्रण झालं की त्यात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा. खिळ्यावर तांबूस पुट चढलं तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं करपणार. अजून चुना घाला. विस्थापन अभिक्रियेचा हाच प्रयोग वर्गात आला, तेव्हा मला समीकरण लिहायला वेळ लागला नाही.

बारावीनंतर मला कोल्हापूरला पाठवावं की नाही यावर घरात बराच खल झाला. मामा एका संध्याकाळी आले, चहा घेतला आणि आबांना एवढंच म्हणाले, “पोरीला पुडीतलं कळतंय. पाठवा.” बाकीच्यांनी आठवडाभर घातलेला वाद त्या वाक्यानं मिटला. त्याबद्दल त्यांनी कधी काही घेतलं नाही. आई बेदाणे द्यायची, तर तेही पैसे देऊनच न्यायचे.

एम.एस्सी. झाल्यावर मी पेढे घेऊन गेले, तेव्हा मात्र त्यांनी एक मागणी केली. “ते डिपिंग ऑइल आतनं कसं असतं, दाखव.” मी त्यांच्या ओसरीवर खडूनं एथिल ओलिएट काढलं. ओलिक आम्लाची अठरा कार्बनची साखळी, बरोबर मध्ये एक दुहेरी बंध, आणि टोकाला इथेनॉलचे दोन कार्बन जोडून झालेलं एस्टर. “हितं वाकलंय का?” त्यांनी विचारलं. दुहेरी बंधामुळं, म्हटलं; म्हणून ते थिजत नाही, मेणात शिरतं. मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ओलिक तर शेंगदाण्याच्या तेलातबी असतं की. ते चालंल?”

प्रश्न नेमका होता. भूमध्य समुद्राकाठचे शेतकरी पूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल यांतूनच द्राक्षं काढत. राखेत पोटॅशियम कार्बोनेट, ऑलिव्हमध्ये मुख्यतः ओलिक. आपलं आजचं द्रावण म्हणजे त्याचंच मोजूनमापून केलेलं रूप. हे सांगितल्यावर मामा उठले आणि चुलीतली राख चाळायला बसले.

पुढच्या हंगामात आमच्या शेडच्या कडेच्या रॅकवर दोन क्रेट राखेच्या पाण्यातून आणि शेंगतेलातून काढलेले होते. डिपिंग ऑइलच्या मालापेक्षा ते उशिरा सुकले, रंगानंही काळपट आले. पण नुसत्या पाण्यातून काढलेल्या द्राक्षांच्या कितीतरी आधी तयार झाले. मामांनी तिन्हींच्या तारखा वहीत लिहिल्या आणि वही मला तपासायला दिली.