स्कॉलरशिपला बसणे
स्कॉलरशिप म्हणजे मराठी घरात आधी परीक्षा, मग पैसा, आणि विद्वत्ता फारच क्वचित. नवीन जालन्यात पोरगा ‘स्कॉलरशिपला बसलाय’ म्हटले की पुढचे काही विचारावे लागत नाही. राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा वर्षानुवर्षे चौथी-सातवीला होती. २०१६-१७ पासून काही वर्षे ती पाचवी-आठवीला होती. दीड तासात पंच्याहत्तर प्रश्न, दीडशे गुण, असे दोन पेपर. उत्तराचा गोल पेनाने रंगवायचा आणि एकदा रंगवला की खोडायचा नाही, हे पोराकडून गणिताइतकेच घोकून घ्यावे लागते. रक्कम किरकोळ असते. घरच्यांना यादीतले नाव हवे असते, क्लासवाल्यांना फलकावर फोटो.

विद्येसाठी पैसा देण्याची रीत जुनी आहे. पेशवाईत पुण्याला श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्या निधीतला काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे ‘दक्षिणा फेलो’ निघाले. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर त्यांतलेच. दानाची विद्यावृत्ती झाली खरी, पण लाभ बराच काळ थोड्याच घरांत राहिला.

म्हणून १९१३ हे साल मोठे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरीची अट. ती नोकरी टिकली नाही. पण त्या तीन वर्षांत वाचायला सवड मिळाली आणि १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा निबंध वाचला गेला. शिष्यवृत्ती देते ती ही सवड. परीक्षेच्या बक्षिसातून अशी सवड मिळत नाही.

आज जालन्यातल्या कॉलेजात हा शब्द महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या अर्जात भेटतो. जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले खाते; एक कागद अडला की अर्ज परत. ‘फ्रीशिप’ आणि ‘स्कॉलरशिप’ हे दोन शब्द मुले सर्रास एकाच अर्थाने वापरतात. फ्रीशिपमध्ये फी भागते, हातात काही येत नाही. अनुसूचित जातींच्या योजनेत कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. खेड्यातून येऊन खोली करून राहणाऱ्याचा अभ्यास त्या भत्त्यावर चालतो, आणि तो उशिरा आला तर खोलीभाडे थांबत नाही. अर्जाचे नूतनीकरण मात्र दर वर्षी करावे लागते.