काळा अबाया आणि तांबडे अलवण

आखाती मुलुखात राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. पहिला पुरुष विचारतात, "किती साठवलेत?" दुसरा बायका विचारतात, आणि तोही जरा खालच्या आवाजात, "तिकडच्या बायका खरेच डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कापडात असतात का हो? जीव घुसमटत नाही त्यांचा?" मी मस्कतला दहा वर्षे काढली. म्हणजे हा दुसरा प्रश्न निदान दोनशे वेळा तरी माझ्या वाट्याला आला असेल. आरंभी मी त्याचे उत्तर मोठ्या हौसेने, हातवारे करून देत असे. पुढे देईनाशी झाले. ते का, तेच आज सांगणार आहे.

आमचे बिऱ्हाड साकीनाक्याला. तेव्हाही तिथेच होते, आजही तिथेच आहे. तेव्हा मेट्रो नव्हती. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर कारखान्यांचे भोंगे वाजत, खैरानी रोडच्या गाळ्यांतून दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज येई, आणि डोक्यावरून सहारची विमाने जात. ती इतकी खालून जात की त्यांचे पोट दिसे. त्या पोटात कोण बसते याचा विचार करण्याचे आम्हांला कारण नव्हते. पण ह्यांच्या कारखान्याला टाळे लागले, सहा महिने उसनवारीत गेले, आणि एका स्नेह्याच्या ओळखीने ह्यांना मस्कतच्या एका बांधकाम कंपनीत भांडारपालाची जागा मिळाली. वर्षभराने, म्हणजे १९८५ साली, दोन मुलांना घेऊन मीही निघाले. निघताना सासूबाईंनी लोणच्याची बरणी हातात दिली आणि बजावले, "तिकडे डोक्यावरून पदर घेत जा हो. मुसलमानी मुलूख आहे."

मी पदर घेऊनच विमानातून उतरले. उन्हाळ्याचे दिवस होते. वारा असा की भट्टीचे दार उघडावे. कोणी माझ्या पदराकडे ढुंकूनही पाहिले नाही. पंधरा दिवसांत तो खांद्यावर आला, महिन्याभरात कमरेला खोचला गेला. ओमानात परदेशी बाईने काय नेसावे याची सक्ती नव्हती. अंग नीट झाकलेले असावे एवढीच लोकांची अपेक्षा. रुवी भागात आम्ही राहत होतो, तिथे तर खाली वाणी गुजराती, समोरचा शिंपी मलबारी आणि दुधाचा हिशेब हिंदीत. मला वाटले, हे काय, आपण कुर्ल्यालाच आलो!

पुढे समजले की यात नवल काहीच नव्हते. हिंदुस्थानशी या मुलखाचा संबंध फार जुना. १९७० सालापर्यंत तिथे रुपयाच चाले. १९५९ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या होत्या. १९३२ मध्ये गादी सोडलेले सुलतान तैमूर बिन फैसल मुंबईत राहत आणि १९६५ साली मुंबईतच वारले. भाषेचेही तसेच. चेकवर रक्कम लिहून आपण पुढे 'फक्त' लिहितो. अरबीतही तोच शब्द लिहितात. मात्र एका शब्दाने माझी फजिती केली. शेजारच्या घरातली म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून कोणाला तरी 'गरीबा' म्हणाली. मला फार लागले. हातात सोन्याच्या चार बांगड्या असताना आपण गरीब कशा? दोन दिवस मी त्या दारावरून मान वळवून जात होते. मग उलगडा झाला की अरबीत गरीब म्हणजे निर्धन नव्हे, परका. पुढे कधी मन उदास झाले की वाटे, दोन्ही अर्थांमध्ये फारसे अंतर नाहीच.

या म्हातारीची सून माझी मैत्रीण झाली. तिचे नाव मी इथे सांगत नाही, आणि तिथेही तिला नावाने हाक मारणारे थोडेच. थोरल्या मुलाच्या नावामागे 'उम्म' लावायचे, की झाली अमक्याची आई. आपल्या चाळीत दुसरे काय असते? मीही साकीनाक्याला बारा वर्षे 'अमक्याची आई'च होते. तिला हिंदी उत्तम येई. थोडे बाजारात शिकलेली, बाकीचे सिनेमातून.

तिच्यामुळे मला कळले की ज्याला आपण बुरखा म्हणतो त्याला त्या बुरखा म्हणतच नाहीत. अंगभर घालायचा काळा झगा तो अबाया. बुरखा म्हणजे चेहऱ्यापुरता ताठ मुखवटा, कपाळावर, नाकावर नि ओठांवर बसणारा. तो वाळवंटातल्या आणि किनाऱ्याकडच्या काही बायका घालत. शहरातल्या पुष्कळशा नाही. त्याचे कापड निळीत रंगवून, घोटून असे चमकवलेले की उन्हात ते सोनेरी दिसावे. निळीचा रंग गालाला लागे. अस्सल अरबी म्हणून मी तो डोळे भरून पाहिला, आणि चौकशी करता कळले की हे कापड हिंदुस्थानातून येते!

आणि अबायाच्या आत? आत काळे काही नव्हते. गुडघ्याखाली येणारा हिरवा नाहीतर केशरी झगा, खाली घोट्याजवळ भरतकाम केलेली विजार, डोक्यावर रंगीत ओढणी. आपल्या सलवार-कमीजाची थोरली बहीणच म्हणा. दुपारी एक ते चार बाजार बंद. त्या वेळी बायका एकमेकींकडे जमत. मधोमध खजुराचे ताट, लहानशा पेल्यात वेलदोड्याची कडू कॉफी. पुरे झाली की पेला हलवून दाखवायचा. मला हे ठाऊक नसल्याने पहिल्या दिवशी मी अकरा पेले प्याले आणि रात्रभर जागी राहिले. निघायच्या वेळी धुपाटणे फिरे. लाकडी तिकाटण्यावर कपडे पसरून खाली लोबान जाळायचा, की आठवडाभर कपाटाला वास. माझ्या साड्याही तिने अशा धुपवल्या.

पण माझ्या मनातली कीव काही जात नव्हती. शेवटी एके दिवशी मी तिला विचारलेच, "तुला या काळ्या झग्यात उकडत नाही?" तिने माझ्याकडे पाहिले. ब्लाउज आणि निरी यांमधल्या उघड्या पोटाकडे तिची नजर गेली. ती शांतपणे म्हणाली, "उकडते. पण तुला एक विचारू? तुझ्या नवऱ्याला कापड कमी पडले का?" आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

हसण्यावारी गेले खरे. पुढचे तसे गेले नाही.

एकदा मी तिला आमच्या घरचे फोटो दाखवत होते. लग्नाचे, बारशाचे. मध्येच एक जुना फोटो निघाला. माझी आजी, वडिलांची आई. दापोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओटीवर बसलेली. एकच वस्त्र डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतलेले, हातात बांगडी नाही, गळ्यात काही नाही, चेहरा अर्धा अंधारात. फोटो काळापांढरा, त्यामुळे तिचे तांबडे अलवण चक्क काळे आलेले. शेजारणीने तो फोटो उचलून खिडकीशी नेला आणि कुतूहलाने विचारले, "तुमच्या घरात ही आमच्यातली कोण?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग मी सांगितले. ही आमच्यातलीच. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि सोळाव्या वर्षी नवरा गेला. डोके भादरले, तांबडे अलवण दिले, आणि पुढची साठ वर्षे ती त्यातच राहिली. आमच्याच तालुक्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केले तेव्हा त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले होते. आजीची पाळी त्यानंतर किती तरी वर्षांनी आली, तरी न्हावी ठरल्या दिवशी दारात आलाच.

"किती दिवस?" शेजारणीने विचारले. तिला वाटले मला प्रश्न कळला नाही. "म्हणजे, किती दिवस असे राहायचे?"

"मरेपर्यंत."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्यात चार महिने दहा दिवस. तेवढे दिवस सुरमा नाही, अत्तर नाही, नटणे नाही, कामाशिवाय घराबाहेर जाणे नाही. मीही राहिले होते. माझा पहिला नवरा समुद्रात गेला. नंतर मी दागिने घातले, पुढे हे लग्न झाले. धाकटी तिघे यांची." आणि फोटो माझ्या हातात ठेवून तिने आजीच्या कपाळावरून बोट फिरवले.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. तिचे सगळे छान होते असे मी म्हणत नाही. भावाकडे सूर गावी जायचे तर नवऱ्याला विचारल्याशिवाय तिचे पाऊल उचलत नसे. १९७० पूर्वी साऱ्या ओमानात तीन शाळा होत्या आणि त्या तिन्ही मुलग्यांच्या. त्यामुळे तिला स्वतःला अक्षरओळख बेताचीच. पण १९८६ मध्ये तिथे विद्यापीठ उघडले तेव्हा तिची थोरली मुलगी काळा अबाया घालून पहिल्याच वर्षी त्यात गेली, आणि १९९४ साली मस्कतच्या दोन स्त्रिया तिथल्या सल्लागार सभेत बसल्या. उलट, माझी एक मामेबहीण रियाधला परिचारिका होती. तिला अबायाशिवाय रस्त्यावर येता येत नसे. रुग्णाच्या छातीला नळी लावणाऱ्या बाईला मोटार चालवायची बंदी! सौदी अरबस्तानात ती बंदी उठायला २०१८ साल उजाडले, आणि परदेशी पाहुण्या स्त्रियांची अबायातून सुटका झाली ती २०१९ मध्ये. कापड एकच, काळा रंगही एकच. एकीने ते खुंटीवरून आपल्या हाताने काढले, दुसरीच्या अंगावर ते हुकुमाने चढले. लांबून पाहणाऱ्याला दोघी सारख्याच दिसतात.

१९९५ साली आम्ही साकीनाक्याला परत आलो. १९९९ मध्ये हे गेले. हृदयविकाराचा झटका, दोन तासांत सगळे आटोपले.

दहाव्या दिवशी नात्यातल्या थोरल्या बायका जमल्या. कोणी दुष्ट नव्हत्या. त्यांतल्या दोघी माझ्याहून जास्त रडल्या होत्या. एकीने माझा हात धरला, दुसरीने ओला कपडा आणला. आणि त्या क्षणी मला ती मस्कतची खिडकी दिसली. मी म्हणाले, "पुसा. बांगड्याही काढा. पण चार महिने दहा दिवसांसाठी."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. दुःखाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असेच त्यांना वाटले असणार. हा आकडा कुठला, कोणत्या पोथीतला, कोणाला कळेना. मीही सांगितले नाही.

ते दिवस मी कॅलेंडरवर मोजले नाहीत असे म्हटले तर खोटे होईल. मोजले. धीर मात्र मोजून येत नाही. तो दिवस आला तेव्हा आरशापुढे उभी राहून मी तीनदा बोट करंड्यात घातले आणि तीनदा पुसले. शेवटी एक बारीकशी टिकली लावली, हातात दोन काचेच्या बांगड्या चढवल्या आणि स्वयंपाकघरात गेले. सासूबाई कणीक मळत होत्या. त्यांचा मुलगा गेला होता. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिले, हातांकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "तवा ठेव. पोळ्या व्हायच्यात अजून." त्यानंतर त्या आठ वर्षे जगल्या, त्या विषयावर आमच्यात एक शब्दही निघाला नाही.

संक्रांतीला हळदीकुंकवाचे बोलावणे काही घरांतून आले नाही. त्यांतल्या दोन घरांतून आजही येत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे यापुढे करायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. ती बातमी मी दोनदा वाचली. एका अख्ख्या गावाने मिळून हे ठरवले, आणि मला साकीनाक्याच्या दोन खोल्यांत एकटीला ठरवायचे होते. हेरवाडच्या माणसांना मनातल्या मनात नमस्कार केला.

परवा नातीबरोबर साकीनाका स्टेशनात मेट्रोची वाट पाहत उभी होते. समोर काळ्या अबायातली एक कॉलेजची मुलगी, खांद्यावर नकाशाची गुंडाळी, मैत्रिणीशी खिदळत होती. नातीने हळूच विचारले, "आजी, तिला उकडत नसेल?"

दोनशे एकावी वेळ! मी म्हणाले, "तिलाच विचार. पण मग ती तुला काही विचारील, त्याचेही उत्तर तयार ठेव."

गाडी आली. दोघी एकाच डब्यात शिरल्या. मी जागा शोधेपर्यंत त्यांचे बोलणे सुरूही झाले होते.