वाडग्याच्या काठावरची रेघ

लाखेला वेगळी भट्टी लागत नाही. सावंतवाडीचा कारागीर लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर टेकवतो. घासून घासून लाकूड तापतं, लाख पाघळते आणि तिथेच चिकटून बसते. पॉलिमर क्ले मात्र नखरेल. वाडग्यावर तिची रेघ भरायची तर तिला आयती खाच हवी, ओव्हन हवा, वर नेमकं तापमान हवं.

मुळात ती माती नव्हेच. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य आणि रंग. साधारण ११० ते १३० अंशांवर अर्धा तास भाजली की एकजीव होते. जर्मनीत बाहुल्या घडवणाऱ्या केटे क्रूझे यांची मुलगी सोफी, घरातली फिफी, हिच्या हातून ती आकाराला आली. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ती घेतली आणि पुढे 'फिमो' नावाने बाजारात आणली. बाहुल्यांच्या घरात वाढलेल्या या क्लेला लाकडाचा स्वभाव कुठून ठाऊक असणार?

लाकूड तोडलं तरी त्याची हालचाल थांबत नाही. आणि ते सगळीकडून सारखं आक्रसत नाही, हीच गोम. ओला साग पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या कडेने ५.८ टक्के आटतो, गाभ्याकडून सालीकडे फक्त २.५ टक्के. म्हणून गोल कातलेला ओला वाडगा सुकता सुकता लंबगोल होतो. क्लेचं भाजलेलं कडं मात्र गोलच राहतं. मग एका बाजूला फट, दुसऱ्या बाजूला ताण. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा पुन्हा नवी कुरबुर.

यावर उपाय एकच, धीर. वाडगा आधी जाडच कातायचा, व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतका, आणि काही महिने सुकू द्यायचा. मग पुन्हा लेथवर चढवून नीट गोल करायचा. काठाखालची खाच तोंडाशी अरुंद, तळाशी जरा रुंद ठेवायची, कारण क्ले लाकडाला मनापासून चिकटत नाही. तिला अडकवावंच लागतं. आत फेविकॉलचा पातळ हात, त्यावर दाबून क्ले, मग वाडग्यासकट ओव्हन. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. क्ले करपली तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तो घशाला झोंबतो.

गार झालेला वाडगा पुन्हा फिरू लागला की खरी मजा. हत्यार लाकडावर असतं तोवर भुरे काप उडतात. खाचेवर आलं की एकदम निळ्या शेवया सुटतात. पॉलिश पेपर मारताना मात्र जपावं. क्लेची रंगीत भुकटी फिकट लाकडाच्या रंध्रांत शिरली की काही केल्या निघत नाही. म्हणून लाकडावर आधी शेलॅकचा हात द्यावा. शेलॅक म्हणजे लाखच; नव्या पाहुणीची उठबस शेवटी जुन्या माणसालाच करावी लागते.

हौशी लोक बोटभर रुंद, नक्षीदार पट्टे भरतात. मला ते पटत नाही. पट्टा जितका रुंद, तितका तो लाकडाशी भांडतो, आणि डोळाही आधी त्याच्याकडेच जातो. शिसवीच्या वाडग्याला एक बारीक रेघ पुरे. त्यात सुपारी ठेवा, चाव्या ठेवा. आमटी मात्र वाढू नका. ही क्ले जेवणाच्या भांड्यांसाठी नाही.